'मेनी राइस' आणि 'लेस पीपल': मराठी मुलांना मच-मेनी, फ्यू-लिटल कसं शिकवावं?

शिकवणी_सुदामानगर (इंदूर)

नमस्कार. मराठी घरांतल्या आठवी ते दहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात मराठी, गल्लीत हिंदी. सीबीएसईच्या नववी-दहावीच्या व्याकरणात डिटरमिनर्स (नामाआधी येणारे अ, द, सम, मेनी असे शब्द) आहेत आणि कर्ता-क्रियापदाचा मेळही आहे. दोन्ही प्रश्नांत गुण जातात ते मच, मेनी, फ्यू, लिटल यांच्यापायीच. 'मोजता येतं त्याला मेनी, मोजता येत नाही त्याला मच' हा नियम सगळ्यांना पाठ आहे. तरी वहीत हे सापडतं:

'देअर आर मेनी राइस इन द बॅग.'
'हाऊ मेनी मनी डू यू हॅव?'
'शी हॅज लाँग हेअर्स.'
'ही गेव्ह मी मेनी अ‍ॅडव्हायसेस.'
'आय हॅव फ्यू फ्रेंड्स, सो आय ॲम नॉट लोनली.'
'लेस पीपल केम टुडे.'
'मोस्ट ऑफ स्टुडंट्स वॉज ॲबसेंट.'

मुलं विचारतात, "पैसे तर मोजता येतात, मग मेनी का नाही?" नियम बरोबर असून याच ठिकाणी का चुकतं, आणि ते सुधारायचं कसं, हे जाणकारांनी नीट सांगावं. उदाहरणं मुलांच्या ओळखीची असली तर फार बरं.

भाषांतर_रामबाग

ताई, सगळ्यात आधी 'मोजता येतं का?' हा प्रश्न बदला. पैसे मुलं रोज मोजतात. तांदळाचे दाणेही मनावर घेतलं तर मोजता येतील. वस्तू मोजता येते की नाही याच्याशी इथे संबंध नाही. इंग्रजी ते नाम एकेक सुटा नग म्हणून वापरते की एकसंध ऐवज म्हणून, एवढंच पाहायचं असतं. मनी हा ऐवज आहे, मोजतो ते रुपये. म्हणून 'हाऊ मच मनी', पण 'हाऊ मेनी रुपीज'. टाइम हा ऐवज, मोजतो ते तास. 'हाऊ मच टाइम', पण 'हाऊ मेनी अवर्स'. अशा जोड्या मुलांना दहा-बारा करून द्या: फर्निचर आणि चेअर्स, लगेज आणि बॅग्ज, ट्रॅफिक आणि कार्स, होमवर्क आणि एक्सरसाइझेस, जूलरी आणि बँगल्स, मशिनरी आणि मशीन्स, पोएट्री आणि पोएम्स, वर्क आणि जॉब्ज. जोडीतला पहिला शब्द नेहमी मच-लिटलचा, दुसरा मेनी-फ्यूचा.

आता चुका नेमक्या त्याच जागी का होतात. किती, खूप, थोडे, कमी, जास्त हे आपले शब्द दोन्हीकडे चालतात. किती मुलं, किती दूध. कमी माणसं, कमी साखर. लिंग-वचनाप्रमाणे थोडा-थोडी-थोडे एवढाच फरक पडतो. त्यामुळे मराठी बोलताना हा निर्णय कधी घ्यावाच लागत नाही, आणि इंग्रजी लिहिताना मूल मराठी नामाचं वचन पाहून 'मेनी' टाकतं. तिथेच घात होतो.

मराठीत तांदूळ संपले, गहू दळून आणले, पोहे भिजवले, केस वाढले, पैसे दिले. सगळी अनेकवचनं. इंग्रजीत राइस, व्हीट, हेअर, मनी ही ऐवजवाचक आणि एकवचनी, आणि पोहाही तसाच चालवतात. हिंदीत 'पोहा खाया' म्हणत असल्यामुळे इंदूरच्या मुलांना तेवढा एक शब्द सोपा जातो, बाकीचे चुकतात.

दुसरा गट आहे सल्ले, बातम्या, पुरावे, दागिने आणि कामं यांचा. आपण हे सहज मोजतो. इंग्रजीत अ‍ॅडव्हाइस, न्यूज, एव्हिडन्स, जूलरी, वर्क यांना ना 'अ' लागत, ना संख्या. अ‍ॅडव्हाइसचं अनेकवचन करून 'मेनी' लावू नये, 'अ लॉट ऑफ अ‍ॅडव्हाइस' म्हणावं. एकच सल्ला असेल तर 'अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस'.

'इन्फॉर्मेशन्स' ही चूक मात्र मराठीतून येत नाही. आपण 'बरीच माहिती मिळाली' म्हणतो, माहितीचं अनेकवचन करत नाही. ती हिंदीच्या 'जानकारियाँ'वरून येते. तेव्हा या एका शब्दापुरतं मुलांना सांगा की मराठीत विचार करा, बरोबर येईल. सामान आणि लगेजचंही तसंच. सामान आपल्याकडेही एकवचनीच असतं.

उलट्या दिशेचाही एक लहान गट आहे. कात्री, चष्मा, विजार हे मराठीत एकवचनी, इंग्रजीत सिझर्स, स्पेक्टॅकल्स, ट्राउझर्स कायम अनेकवचनी. तिथे संख्या सांगायची तर 'पेअर' आणावा लागतो: 'टू पेअर्स ऑफ सिझर्स'. पोलीस आणि कॅटल यांनाही अनेकवचनी क्रियापद. 'द पोलीस हॅव कम.'

यात तर्क शोधायला मुलांना लावू नका. ओट्स अनेकवचनी आणि व्हीट एकवचनी, नूडल्स अनेकवचनी आणि पास्ता एकवचनी. लेंटिल्स मोजायचे, राइस नाही. आणि हे कायमचंही नसतं. वाटाण्याला पूर्वीच्या इंग्रजीत 'पीझ' हा राइससारखाच ऐवजवाचक शब्द होता. शेवटचा 'झ' अनेकवचनाचा आहे असं लोक धरून चालले आणि सतराव्या शतकापर्यंत त्यातून 'पी' हे एकवचन तयार झालं. आज आपण बेलाशक 'अ फ्यू पीज' म्हणतो. म्हणून खात्रीचा मार्ग एकच, शब्दकोश. शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी शब्दकोशांत प्रत्येक नामापुढे 'सी' किंवा 'यू' अक्षर असतं. सी म्हणजे मोजायचं, यू म्हणजे न मोजायचं. बऱ्याच नामांपुढे दोन्ही अक्षरं असतात आणि खरी मजा तिथेच आहे.

एकच नाम एका अर्थानं मोजायचं आणि दुसऱ्या अर्थानं न मोजायचं असू शकतं. पेपर म्हणजे कागद, न मोजायचा: 'अ शीट ऑफ पेपर'. पेपर म्हणजे वर्तमानपत्र किंवा प्रश्नपत्रिका, मोजायची: 'टू पेपर्स टुडे'. ग्लास म्हणजे काच आणि ग्लास म्हणजे पेला. आयर्न म्हणजे लोखंड आणि इस्त्री. टाइम म्हणजे वेळ, 'मच टाइम', आणि टाइम म्हणजे खेप, 'मेनी टाइम्स'. रूम म्हणजे खोली आणि रूम म्हणजे जागा: 'देअर इज नॉट मच रूम इन द व्हॅन.' एक्सपीरियन्स म्हणजे कामाचा अनुभव, 'मच एक्सपीरियन्स', आणि एक्सपीरियन्सेस म्हणजे आलेले अनुभव. म्हणजे 'सी' की 'यू' हे नामाला विचारून भागत नाही, त्या वाक्यातल्या अर्थाला विचारावं लागतं.

हे शिकवायला सकाळच्या पोह्यांच्या बशीएवढा चांगला धडा मला दुसरा माहीत नाही, कारण तिच्यात सगळे प्रकार आहेत. 'अ प्लेट ऑफ पोहा': ऐवज, म्हणून प्लेट हे माप. 'अ लिटल सेव': सेव हा ढीग, काड्या मोजत नाही. 'अ फ्यू जलेबीज': नग. 'अ पिंच ऑफ जीरावन': मसाला, चिमूट हे माप. 'अ फ्यू पॉमिग्रॅनेट सीड्स': दाणे सुटे आहेत, मोजायचे. 'अ लिटल कोरिअँडर': ऐवज. आणि कांदा? टोपलीत 'टू अनियन्स', चिरून बशीवर पडला की 'अ लिटल चॉप्ड अनियन'. लिंबू तसंच: 'हाफ अ लेमन', पण पिळल्यावर 'अ लिटल लेमन जूस'. 'अ फ्यू अनियन' असं कुणी लिहिलं तर त्याला विचारा, अख्खे कांदे म्हणायचे आहेत की चिरलेला कांदा? उत्तर ठरलं की मूल 'अ फ्यू अनियन्स' किंवा 'अ लिटल अनियन' आपणच लिहितं.

भंवरकुआ_बॅच

वरचं सगळं मान्य. मी फ्यू-लिटलबद्दल लिहितो, कारण स्पर्धा परीक्षेला आणि दहावीलाही पेपर काढणारे तिथेच फसवतात.

मुलांना 'फ्यू म्हणजे जवळजवळ नाही, अ फ्यू म्हणजे काही' असं शिकवलं जातं. बरोबर आहे, पण वाक्यात कसं ओळखायचं ते राहून जातं. मराठीत यासाठी आयती कसोटी आहे. रिकाम्या जागी 'फारसे नाहीत' बसतंय की 'थोडे आहेत', ते पाहा.

फारसे मित्र नाहीत: 'फ्यू फ्रेंड्स'.
चार-दोन मित्र आहेत: 'अ फ्यू फ्रेंड्स'.
फारसं पाणी नाही: 'लिटल वॉटर'.
थोडं पाणी आहे: 'अ लिटल वॉटर'.
होतं नव्हतं ते पाणी: 'द लिटल वॉटर'.
होते नव्हते ते मित्र: 'द फ्यू फ्रेंड्स'.

शेवटचे दोन मुलांना सगळ्यात अवघड जातात, पण 'होते नव्हते ते' म्हटलं की लगेच पटतं. खूण अशी की 'द फ्यू' आणि 'द लिटल' यांच्या मागे बहुधा 'ही हॅड', 'दॅट वॉज लेफ्ट' असं काहीतरी येतंच: 'ही स्पेंट द लिटल मनी ही हॅड.'

'फारसे नाहीत'मध्ये आपण नकार क्रियापदात घालतो. इंग्रजीत तो नकार फ्यू आणि लिटलच्या पोटातच आहे. म्हणून फारसे मित्र नाहीत याचं 'आय डोंट हॅव फ्यू फ्रेंड्स' असं शब्दशः केलं की अर्थ उलटतो. एकतर 'आय हॅव फ्यू फ्रेंड्स' लिहायचं, नाहीतर 'आय डोंट हॅव मेनी फ्रेंड्स'. बोलताना दुसरं जास्त चालतं. नुसतं फ्यू, नुसतं लिटल हे लेखी वळणाचं आहे.

तुमच्या यादीतलं वाक्य: मैत्रिणी आहेत म्हणून एकटेपणा नाही, तेव्हा 'आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स, सो आय ॲम नॉट लोनली.' इथे उत्तर 'सो'च्या पुढे आहे. रिकामी जागा भरताना मुलं जागेपर्यंतच वाचतात आणि थांबतात. पूर्ण वाक्य वाचून, सो, बट, बिकॉज यांच्याखाली रेघ मारून मगच पर्याय निवडायचा, ही सवय लावा.

पाठ करण्यासारख्या चार गोष्टी. 'ओन्ली' आला की नेहमी 'अ फ्यू' किंवा 'अ लिटल', अर्थ नकाराकडे झुकला तरी. 'व्हेरी' आणि 'टू' (दोन नव्हे, 'अति' या अर्थाचा) आले की 'अ' नाही: 'व्हेरी फ्यू', 'टू लिटल'. 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे थोडे नव्हे, बरेच. यावर प्रश्न हटकून येतो. आणि लिटलचा 'लहान' हा अर्थ वेगळा, तो मोजता येणाऱ्या नामालाही लागतो. 'अ लिटल गर्ल' बरोबरच आहे. पण थोडी पुस्तकं या अर्थानं 'लिटल बुक्स' लिहिलं तर त्याचा अर्थ छोटी पुस्तकं असा होतो.

आणखी एक, विषयाला लागूनच. मुलं 'खूप' म्हणजे 'टू मच' समजतात. 'टू' म्हणजे गरजेपेक्षा जास्त, त्यात तक्रार असते. 'देअर इज टू मच सॉल्ट इन द डाळ' म्हणजे खारट झाली. कौतुकाला 'टू मच' चालत नाही, आणि विशेषणापुढे तर नाहीच: 'टू मच ब्युटिफुल' चूक, 'व्हेरी ब्युटिफुल' बरोबर. साध्या होकारार्थी वाक्यात नुसता मचही खटकतो. 'आय हॅव मच वर्क'पेक्षा 'आय हॅव अ लॉट ऑफ वर्क'. मच प्रश्नात आणि नकारात शोभतो, किंवा सो, टू, ॲज यांच्या सोबतीनं. मेनी मात्र होकारातही चालून जातो.

स्वच्छ_शहर_452

निबंधाबद्दल लिहावंसं वाटलं. 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर सलग काही वर्षं पहिलं आलं. तेव्हापासून स्वच्छतेवर निबंध, पत्र, घोषवाक्य असं काही ना काही शाळेत लिहायला येतंच. आणि या विषयाचे जवळजवळ सगळे महत्त्वाचे शब्द न मोजायचे आहेत: गार्बेज, वेस्ट, लिटर (इकडेतिकडे टाकलेला कचरा), डस्ट, पोल्यूशन, ट्रॅफिक, अवेअरनेस, हायजीन, इक्विपमेंट. निबंध लिहायच्या आधी ही यादी फळ्यावर लावली तर निम्म्या चुका तिथेच थांबतील.

सोबत मापाचे शब्द द्या, म्हणजे अनेकवचन करायची गरजच पडत नाही. 'अ बॅग ऑफ गार्बेज', 'हीप्स ऑफ गार्बेज', 'टन्स ऑफ वेस्ट', 'अ लेयर ऑफ डस्ट'. माप अनेकवचनी होतं, ऐवज जसाच्या तसा राहतो. 'टू बॅग्ज ऑफ गार्बेजेस' इथे शेवटचा 'एस' चूक.

ओला कचरा, सुका कचरा हे 'वेट वेस्ट' आणि 'ड्राय वेस्ट'. कचऱ्याचे दोन प्रकार म्हणायचं तर 'टू काइंड्ज ऑफ वेस्ट'. मोठ्या प्रमाणात कचरा म्हणजे 'अ लार्ज अमाउंट ऑफ वेस्ट', मोठ्या संख्येनं डबे म्हणजे 'अ लार्ज नंबर ऑफ डस्टबिन्स'. 'अ लार्ज अमाउंट ऑफ पीपल' ही चूक वर्तमानपत्रांतसुद्धा दिसते, मुलांना आधीच सावध करा. 'अ ग्रेट डील ऑफ' फक्त ऐवजाला, 'सेव्हरल' फक्त नगांना. 'प्लेंटी ऑफ', 'अ लॉट ऑफ', 'सम', 'एनी', 'इनफ', 'मोर', 'मोस्ट', 'ऑल', 'नो' हे दोन्हीकडे. अडलेल्या मुलाला परीक्षेत 'अ लॉट ऑफ' तारून नेतं.

पाटीपेन्सिल

लेस आणि फ्युअर राहिलं. नियम सरळ आहे: नग कमी असतील तर फ्युअर, ऐवज कमी असेल तर लेस. 'फ्युअर पीपल केम टुडे.' 'लेस वेस्ट, फ्युअर डस्टबिन्स.' गडबड अशी की उलट्या बाजूला इंग्रजीत एकच शब्द आहे, मोर. 'मोर पीपल', 'मोर वेस्ट'. मुलाला वाटतं तसंच इकडेही असेल. मला विचाराल तर यात सूट देऊ नये. 'लेस'च्या मागे अनेकवचनी नाम दिसलं की लाल रेघ.

भाषांतर_रामबाग

@पाटीपेन्सिल, तेवढी शेवटची लाल रेघ मारू नका, कारण तिथे बरोबर उत्तरंही कापली जातील. अंतर, वेळ, रक्कम, वजन ही अनेकवचनी दिसली तरी एक अखंड माप म्हणून घेतली जातात आणि तिथे लेसच लागतं. इंदूर ते उज्जैन अंतर साठ किलोमीटरपेक्षा कमी आहे, याचं इंग्रजी 'लेस दॅन सिक्स्टी किलोमीटर्स'. तिथे फ्युअर कानाला खटकतं. 'लेस दॅन फाइव्ह हंड्रेड रुपीज', 'लेस दॅन टू अवर्स', 'लेस दॅन टेन किलोज', सगळं बरोबर. पण खिशातल्या नोटांची संख्या सांगायची असेल तर 'फ्युअर नोट्स दॅन यू'. रक्कम हा ऐवज, नोटा हे नग. मनी आणि रुपीजचीच गोष्ट पुन्हा इथे येते.

आणि हा भेद इंग्रजीत पूर्वापार तितका कडक नव्हता. मोजता येणाऱ्या नामांना लेस लावण्याची रीत जुन्या इंग्रजीपासून सापडते. फ्युअर अधिक चांगलं दिसतं अशी आपली पसंती रॉबर्ट बेकर या इंग्रज लेखकानं 1770 मध्ये नोंदवली, आणि पुढच्या व्याकरणकारांनी त्या पसंतीचा नियम केला. इंग्रजी मातृभाषा असलेले लोक बोलताना 'लेस पीपल' सर्रास म्हणतात. मुलांना हे सांगावं, म्हणजे सिनेमात ऐकलेलं वाक्य आणि पाठ्यपुस्तक यांत विरोध का दिसतो ते त्यांना कळेल. उत्तरपत्रिकेत मात्र माणसांना फ्युअरच.

पाटीपेन्सिल

मापाचा मुद्दा पटला. तर रेघ मारण्याआधी एवढं पाहायचं: एकेक नग मोजतोय, की सगळं मिळून एक माप सांगतोय. क्रियापदालाही हेच लागू पडतं. 'फाइव्ह हंड्रेड रुपीज इज इनफ', 'सिक्स्टी किलोमीटर्स इज अ लाँग वे टु सायकल'. रक्कम आणि अंतर मिळून एक, म्हणून इज.

कॉन्कॉर्ड_पलासिया

'मोस्ट ऑफ स्टुडंट्स वॉज ॲबसेंट' यात दोन वेगळ्या चुका आहेत, दोन्ही वेगळ्या शिकवाव्यात.

पहिली 'ऑफ'ची. सर्वसाधारण विद्यार्थी म्हणायचे असतील तर 'मोस्ट स्टुडंट्स', मध्ये काही नाही. ठराविक वर्गातले, आपल्याला माहीत असलेले असतील तर 'मोस्ट ऑफ द स्टुडंट्स'. ऑफ आला की पुढे द, धिस, दीज, माय, युअर यांपैकी काहीतरी हवंच, नाहीतर सर्वनाम: 'मोस्ट ऑफ देम'. सम, मेनी, मच, फ्यू, सेव्हरल, सगळ्यांना हेच लागू. 'सम ऑफ माय फ्रेंड्स' बरोबर, 'सम ऑफ फ्रेंड्स' चूक. मराठीत 'बहुतेक मुलं' आणि 'मुलांपैकी बहुतेक' असा फरक आहे. 'पैकी' किंवा 'तले' असेल तिथे 'ऑफ द'. अ लॉट ऑफ आणि प्लेंटी ऑफ यांतला ऑफ मात्र त्या शब्दाचाच भाग आहे, त्याला हे लागू नाही. 'अ लॉट ऑफ स्टुडंट्स' बरोबर.

दुसरी क्रियापदाची. मोस्ट ऑफ, सम ऑफ, ऑल ऑफ, हाफ ऑफ, अ लॉट ऑफ, प्लेंटी ऑफ आणि टक्केवारी, यांचं स्वतःचं वचनच नाही. मागून येणारं नाम ठरवतं. 'मोस्ट ऑफ द वॉटर इज क्लीन', 'मोस्ट ऑफ द स्टुडंट्स आर हिअर'. 'थर्टी पर्सेंट ऑफ द मिल्क वॉज सोअर', 'थर्टी पर्सेंट ऑफ द सीट्स वेअर एम्प्टी'. तुमचं वाक्य: 'मोस्ट ऑफ द स्टुडंट्स वेअर ॲबसेंट.'

याच्या उलट वन ऑफ, ईच ऑफ, आयदर ऑफ, नायदर ऑफ यांच्यामागे नाम अनेकवचनी पण क्रियापद एकवचनी. 'वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज इन देवास.' यात मुलं दोन्ही टोकांना चुकतात, काही 'वन ऑफ माय फ्रेंड' लिहितात, काही 'फ्रेंड्स लिव्ह'. ईच आणि एव्हरी ऑफशिवाय आले की नामही एकवचनी: 'एव्हरी स्टुडंट हॅज अ बुक'. अपवाद 'एव्हरी टेन मिनिट्स', कारण दहा मिनिटं मिळून एक टप्पा. 'नन ऑफ'ला दोन्ही क्रियापदं चालतात, दिसलं ते कापू नका.

सगळ्यात फसवी जोडी 'अ नंबर ऑफ' आणि 'द नंबर ऑफ'. 'अ नंबर ऑफ बसेस आर लेट' म्हणजे बऱ्याच बस उशिरा. 'द नंबर ऑफ बसेस इज स्मॉल' म्हणजे संख्या लहान, आणि संख्या एकच असते. शिवाय 'मेनी अ स्टुडंट हॅज ट्राइड' आणि 'मोर दॅन वन स्टुडंट हॅज फेल्ड'. अर्थ अनेकांचा, तरी क्रियापद एकवचनी, कारण त्याच्या लगेच आधी एकवचनी नाम आहे.

शिकवणी_सुदामानगर (इंदूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. 'फारसे नाहीत' आणि 'होते नव्हते ते' ही कसोटी उद्यापासूनच वापरते. दोन शंका उरल्या. हेअर नेहमीच एकवचनी का? दुधात केस सापडला तर काय म्हणायचं? आणि दीड, अडीच, पाव, पाऊण यांच्यामागे एकवचन की अनेकवचन? मुलं 'वन अँड हाफ अवर' लिहितात आणि 'टू अँड हाफ किलो'सुद्धा.

भाषांतर_रामबाग

केस: डोक्यावरचे सगळे मिळून ऐवज, 'लाँग हेअर', 'मच हेअर'. सुटा पडलेला एकेक केस मात्र नग आहे: 'अ हेअर इन द मिल्क', 'अ फ्यू ग्रे हेअर्स'. म्हणजे 'शी हॅज लाँग हेअर', पण 'शी हॅज अ फ्यू ग्रे हेअर्स'. दुसऱ्यात चार-दोन पांढरे केस वेगळे दिसतात, म्हणून.

पाटीपेन्सिल

दीड: एकापेक्षा जरा जरी जास्त झालं की इंग्रजीत अनेकवचन. 'वन अँड अ हाफ अवर्स', 'टू अँड अ हाफ किलोज'. मुलांच्या वाक्यात 'हाफ'च्या आधीचा 'अ' गळतो, तो आधी पक्का करून घ्या. तासाच्या बाबतीत 'ॲन अवर अँड अ हाफ' हे जास्त बोललं जातं, आणि यात अवर एकवचनी, कारण त्याच्या आधी 'ॲन' आहे. सव्वा तास 'ॲन अवर अँड अ क्वार्टर', पाऊण तास 'थ्री क्वार्टर्स ऑफ ॲन अवर', अर्धा तास 'हाफ ॲन अवर'. पाव किलो सेव 'अ क्वार्टर ऑफ अ किलो ऑफ सेव', किंवा सरळ 'टू हंड्रेड अँड फिफ्टी ग्राम्स ऑफ सेव'.

हंड्रेड, थाउजंड, लाख यांच्या आधी आकडा असला तर त्यांना 'एस' नाही: 'टू हंड्रेड पीपल', 'फाइव्ह लाख रुपीज'. आकडा नसला तर 'एस' आणि 'ऑफ' दोन्ही: रंगपंचमीच्या गेरला (मिरवणुकीला) राजवाड्यावर 'थाउजंड्स ऑफ पीपल'. आणि माप नामाच्या आधी विशेषण होऊन बसलं तर एकवचनी, मध्ये जोडरेघ: 'अ फाइव्ह-रुपी कॉइन', 'अ टू-अवर पेपर'. 'टू-अवर्स पेपर' लिहिलेलं दिसलं तर ती लाल रेघ बिनधास्त मारा.